कंपनाचा व्यायाम : फायदा किती, गाजावाजा किती?

'थरथरत्या फळीवर दहा मिनिटे उभे राहा, घाम न गाळता तंदुरुस्त व्हा,' अशा जाहिराती आपण हल्ली सारख्या पाहतो. गुडघे दुखणाऱ्या अम्मीसाठी किंवा दादीसाठी असे यंत्र घ्यावे का, असा प्रश्न मग घरात निघतो. पैसे मोजण्याआधी थोडी माहिती घेऊ या.

ही कल्पना जुनी आहे. पॅरिसचे विख्यात डॉक्टर शार्को यांना कंपवाताचे रुग्ण सांगत, की गाडीतून हादरे खात लांबचा प्रवास केला की बरे वाटते. त्यावरून त्यांनी थरथरणारी खुर्ची वापरून पाहिली आणि १८९२ मध्ये त्यावर व्याख्यान दिले. पुढे सोव्हिएत संघात नाझारोव यांनी खेळाडूंच्या सरावात कंपन आणले; १९९० च्या दशकात इटलीच्या बोस्को यांनी त्याचा अभ्यास केला.

यंत्राची फळी सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा हलते. प्रत्येक हादऱ्याला स्नायू किंचित ताणला जातो आणि लगेच आपोआप आखडतो. हाडांवर भार पडला की ती टिकून राहतात. अंतराळात भार नसल्याने अंतराळवीरांची हाडे झिजतात. म्हणून या विषयात संशोधकांना रस वाटला.

अमेरिकेत रुबिन यांनी मेंढ्यांना वर्षभर रोज २० मिनिटे अगदी सौम्य कंपन दिले. त्यांच्या मांडीच्या हाडातील जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्के वाढली. माणसांत मात्र असा चमत्कार दिसला नाही. बेल्जियममध्ये पाळी थांबलेल्या स्त्रियांनी सहा महिने फळीवर व्यायाम केला, तेव्हा खुब्याच्या हाडाची घनता एक टक्क्याहून थोडी कमीच वाढली. पायांची ताकदही वाढली. टोरोंटोत २०२ स्त्रियांच्या वर्षभराच्या अभ्यासात ज्या नुसत्या फळीवर उभ्या राहिल्या, त्यांच्या हाडांना काही फायदा झाला नाही.

तेव्हा चालणे, जिने चढणे, खुर्चीतून उठ-बस करणे यांना हे यंत्र पर्याय नाही. ज्या वडीलधाऱ्यांना फारसे चालवत नाही, त्यांच्या पायांची ताकद आणि तोल यांसाठी जोड म्हणून ते उपयोगी पडू शकते. नुसते उभे राहून वजन उतरेल, ही आशा धरू नये.

गरोदर स्त्रिया, पेसमेकर असलेले, रक्ताची गुठळी, अपस्मार किंवा मूतखड्याचा त्रास असलेले, तसेच नुकतेच हाड मोडलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले यांनी या फळीवर चढू नये. इतरांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघे किंचित वाकवून, आधाराला धरून उभे राहावे. ताठ पायांवर हादरे थेट डोक्यापर्यंत जातात. सुरुवात अर्ध्या मिनिटाने करावी, मध्ये विश्रांती घ्यावी आणि चक्कर आली तर लगेच थांबावे.

आमचा सल्ला इतकाच, की यंत्र विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन ते दोन-चार वेळा वापरून पाहा.