ग्रहण माघातलं, ओठ पोळ्याचा

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. शिवरात्र नुकतीच झालेली. दुपारनंतर मेहकरवरचं ऊन फिकं पडत गेलं, कोंबड्या अवेळीच खुराड्याकडे वळल्या. सात महिन्यांची गरोदर काकू मधल्या खोलीत उताणी निजून होती. इळी, सुरी, कात्री आजीनं आधीच माळ्यावर टाकली होती. ग्रहण सुटलं, 'दे दान सुटे गिऱ्हाण' अशी हाळी दारोदार फिरली, बाया पैनगंगेवर आंघोळीला गेल्या. एप्रिलमध्ये काकूला मुलगा झाला. वरचा ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, टाळूलाही फट.

"काय चिरलं वं गिऱ्हाणात?" बारशाआधीच हा प्रश्न घरात आला आणि पुढे कित्येक वर्षं राहिला. काकूनं काहीच चिरलं नव्हतं. पण रोज विचारलं, की माणूस आठवायला लागतं. शेवटी तिला 'आठवलं' की निजल्या निजल्या तिनं झाडूची एक काडी मोडली होती. त्या काडीवर तिनं स्वतःला आयुष्यभर दोषी धरलं.

बाळाला छाती ओढता येईना. टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयारच होत नाही, दूध नाकातून बाहेर येतं. काकू त्याला मांडीवर उभा धरून बोंडल्यानं थेंब थेंब पाजायची, दर चार थेंबांनी थांबून पाठ थोपटायची. एका पाजण्याला तास जाई. ज्या बाईला गाव बेफिकीर म्हणत होतं, तिनं ते पोर असं जगवलं.

खरा हिशेब मला फार उशिरा कळला. आपल्या नाकाखाली बोट फिरवून पाहा, दोन उभ्या कडा हाताला लागतात. तो जोड आहे. गर्भाचा चेहरा तुकड्यांनी घडतो: मधला भाग नाकाकडून खाली उतरतो, दोन भाग गालांकडून येतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास एकमेकांना भिडून वरचा ओठ होतो. टाळूच्या दोन फळ्या आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात. मग त्या वर उचलल्या जातात, मध्ये मिळतात, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते काम उरकतं. यातलं काही वेळेवर भिडलं नाही, तर फट राहते. एप्रिलमध्ये जन्मलेल्या पोराचा ओठ आदल्या ऑगस्टच्या अखेरीस, पोळ्याच्या आसपास ठरला होता. ग्रहण लागलं तेव्हा ती फट जवळपास सहा महिन्यांची होती.

मग का राहते फट? डेन्मार्कच्या पॉल फॉग-अँडरसन यांनी १९४२ मध्ये शेकडो कुटुंबांच्या वंशावळी तपासून दाखवलं, की दुभंगलेला ओठ घराण्यात चालतो आणि नुसती दुभंगलेली टाळू ही वेगळी गोष्ट आहे. २००२ मध्ये आयआरएफ-६ या जनुकातला बिघाड सापडला. तो असलेल्या घरांत खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसतात आणि दर मुलामागे तो पुढे जाण्याची निम्मी शक्यता असते. पण अशी घरं थोडी. बहुतेक ठिकाणी पुष्कळ जनुकं थोडा थोडा भार टाकतात, त्यात आईचा मधुमेह, फिटांची काही औषधं, तंबाखूचा धूर, दारू यांची भर पडते. जवळच्या नात्यातल्या लग्नानंही धोका काहीसा वाढतो. साधारण सातशे ते हजार जन्मांत एक मूल असं असतं. एक झालं की त्याच आईबापांच्या पुढच्या मुलाला शंभरात चारेक शक्यता. जनुकं बापाकडूनही येतात, पण काकांना कुणी कधी काही विचारलं नाही.

उपचाराचा काळ मात्र झपाट्यानं बदलला. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले, तरी १९६८पासून दरवर्षी इथं येऊन शिबिरांत फुकट ओठ शिवत. १९७८च्या अपघातानंतर ते चाकाच्या खुर्चीत बसले, कर्करोगानं त्यांचा आवाज नेला, तरी सुई सुटली नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझा चुलतभाऊ अशाच एका शिबिरात नऊ वर्षांचा असताना शिवला गेला. ओठ सुरेख जुळला, पण टाळूला फार उशीर झाला होता, बोलणं गेंगाणंच राहिलं. आता तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ओठ आणि बोलायला लागायच्या आत, दीड वर्षापर्यंत, टाळू शिवतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि त्यांच्या यादीत हा दुभंगही आहे.

तरी तो प्रश्न गेलेला नाही. आता "गोळ्या खाल्ल्या नसतील" असं म्हणतात. फॉलिक अॅसिड गरोदरपणाआधीपासून घ्यावंच, पण त्यानं ओठाचा दुभंग टळतोच असा पक्का पुरावा नाही. म्हणून तेही कुणाच्या तोंडावर फेकू नये.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. चुलतभावाची लेक, अखंड ओठाची, चौथ्या महिन्यात माहेरी आली होती. काकू सवयीनं इळी उचलायला निघाली, तेव्हा मी तिला बसवून बोटांवर महिने मोजून दाखवले. तिनं स्वतः पुन्हा एकदा मोजले.

"म्हंजे पोळ्याले." बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मंग पोळ्याले काय चुकलं असन माह्यं? बैलाचे खांदे मळले म्या. पुरण वाटलं पाट्यावर."

"त्यानं काही होत नाही, काकू."

"पुरणानं नाही ना होत?"

"नाही."