बोटुकली तळ्यात सोडताना

पावसाळा सुरू झाला की रोहू, कटला, मृगळचं बीज न्यायला मत्स्यबीज केंद्रांवर शेतकऱ्यांची रीघ लागते. पिशव्या घाईघाईने शेततळ्यात रिकाम्या होतात आणि आठ-दहा महिन्यांनी जाळं ओढलं की हिशेब जुळत नाही. मग बीजालाच नावं ठेवली जातात. बीज कधी खराब निघतंही. पण नव्या माशांची मर पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांत, सोडण्याच्या पद्धतीमुळेच होते.

‘प्रवासात गुदमरलेत बिचारे, आधी पिशव्या फोडा’ हा सर्वांत महागात पडणारा समज. पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी आणि वर ऑक्सिजन भरलेला असतो. वेळेत पोचलेल्या, न गळलेल्या पिशवीत तो सहसा कमी पडत नाही. खरी मेख पाण्यात आहे. माशांच्या श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पिशवीत साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. माशांनी टाकलेला अमोनियाही त्याच पाण्यात असतो, पण सामू कमी असेपर्यंत त्याची विषबाधा फारशी होत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक बनतो. तेव्हा पिशवी बंदच ठेवून १५ ते २० मिनिटं तळ्यात, सावलीच्या बाजूला तरंगू द्या. आतलं-बाहेरचं तापमान सारखं होईल. मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला आणि फार वेळ न दवडता पिशवी आडवी धरा. मासे आपणहून बाहेर पोहत गेले पाहिजेत. वरून ओतायचे नाहीत. सूर्य उगवून तास-दोन तास झालेले, पण ऊन तापलेलं नाही, ही वेळ चांगली.

भल्या पहाटे सोडू नये, याचं कारण दुसऱ्या गैरसमजात आहे: ‘पाणी जितकं हिरवं तितकं तळं चांगलं.’ हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा. ते दिवसा ऑक्सिजन देतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ हवेत आणखी कमी. त्या वेळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर ते खेळत नाहीत आणि भुकेलेलेही नाहीत. त्यांचा श्वास कोंडतोय. ताबडतोब पंप लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. पाणी जोखायला उपकरण लागत नाही. हात कोपरापर्यंत सरळ बुडवा. कोपर पाण्याला टेकताना तळवा दिसेनासा झाला तर हिरवेपणा बेताचा आहे. मनगट बुडताच तळवा दिसेना तर शेवाळ जास्त झालंय. शेण थांबवा, थोडं पाणी बदला.

शेणाचंही तसंच. शेण हे माशांचं खाद्य नव्हे, त्यावर वाढणारे सूक्ष्म जीव हे खाद्य. बीज सोडण्याच्या दिवशीच शेणाच्या पाट्या ओतल्या तर ते कुजताना ऑक्सिजन खातं. निदान १५ दिवस आधी टाका. प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात मातीचा आधार नसतो, तिथे रंग यायला जास्त दिवस द्यावे लागतात.

बोअरचं पाणी नितळ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन बहुधा फार थोडा असतो. ते उंचावरून पडू द्या आणि काही दिवस उघड्यावर राहू द्या, मगच मासे सोडा.

‘दमून आलेत, खाऊ घाला.’ नको. पहिल्या दिवशी त्यांना काहीच लागत नाही. बीज पाठवण्याआधी चांगले मत्स्यबीज उत्पादक त्याला मुद्दाम उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पहिल्या दिवशी टाकलेलं खाद्य उरून तळाशी सडतं, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समप्रमाणात द्या, तेही माशांनी संपवलं तरच वाढवत जा.

‘खबरदारी म्हणून’ पाण्यात प्रतिजैविकं टाकणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं, थांबा. आजार नसताना त्यांचा उपयोग शून्य. उलट औषधांना दाद न देणारे जंतू तेवढे वाढतात.

राहिला तो सर्वांत फसवा समज: ‘एकही मासा तरंगला नाही, म्हणजे सगळे जगले.’ मेलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू, बहुधा आधी तळाला जाते. शरीरात वायू धरला तर नंतर वर येते, आणि तोवर खेकडे नाहीतर पाणसाप तिचा फडशा पाडतात. काठावरून यातलं काही दिसत नाही. त्यासाठी हापा, म्हणजे बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा, तळ्यातच चार काठ्यांना बांधतात. या वेळी बीज सोडाल तेव्हा त्याच पिशव्यांमधल्या १०० बोटुकल्या मोजून हाप्यात ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा आणि तो आकडा वहीत लिहा. पुढचं खाद्य त्या आकड्यावरच ठरवा.