तलावावरची हिरवी साय

सिंदेवाही भागात आपले जीवन धानावर, आणि धान तलावावर. कोहळी लोकांनी व जुन्या मालगुजारांनी पाळी घालून पाणी अडविले. १९५१ साली मालगुजारी गेली, म्हणून आपण त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतो. मामा आटला तर भाच्याचे ताट रिकामे! पण मामाचे पाणीच बिघडले तर?

उन्हाळ्याकडे पाणी कमी होते, तापते, वारा पडतो. अशा वेळी कधी कधी हिरवा रंग सांडल्यासारखी साय पाण्यावर येते. घाण वास सुटतो. ही निळ्या-हिरव्या शेवाळाची साय. यातल्याच काही जाती धानाच्या बांधीत हवेतले नत्र धरून खताचे काम करतात. तेव्हा शेवाळ आपले वैरी नव्हे. अति झाले की माती होते.

अति का होते? खताने धान वाढते, तसे शेवाळही वाढते. पावसाबरोबर बांधीतले खत, गोठ्याचे शेण, मोरीचे साबणपाणी तलावात उतरते. त्यातले स्फुरद व नत्र हे शेवाळाचे खाणे. ते गाळातही साठून राहते.

काही शेवाळांत विष असते. त्याने अंगाला खाज सुटते, उलट्या-जुलाब होतात, यकृत बिघडते. ऑस्ट्रेलियात अशी साय पिऊन मेंढ्या व घोडे मेल्याचे १८७८ साली छापून आले होते. २०१४ साली अमेरिकेतील टोलेडो शहरात लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. हे विष उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि विष घट्ट होते. शिवाय रात्री शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढते. पहाटे मासे तोंड वर काढतात, मरतात, आणि ढिवर बंधूंची कमाई बुडते.

ओळखावे कसे? हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून काचेच्या बरणीत पाणी भरा. बरणी रात्रभर हलवू नका. हिरवे वर तरंगले तर संशय धरा. काठीला लांब तंतू लागले तर ते बहुधा साधे शेवाळ. पक्के मात्र तपासणीनेच कळते.

साय दिसली की गुरे व पोरे पाण्यापासून दूर ठेवा. प्यायला हातपंपाचे पाणी आणा. ग्रामपंचायतीला व आरोग्य केंद्राला कळवा. घाईने मोरचूद टाकू नका. शेवाळ फुटून विष पाण्यात उतरते, मासेही मरतात.

खरा उपाय मुळावर. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडा. खत मापात द्या. मोठा पाऊस येण्याच्या बेतात असता टाकू नका. पाणी येते त्या बाजूला गवताचा पट्टा राखा. उन्हाळ्यात गाळ काढून बांधीत टाका. गाळ म्हणजे वाहून गेलेले आपलेच खत. २०१७ पासून राज्यात यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आहे.

मालगुजार गेले, तलाव आपल्या हाती राहिले. आता पाळीची राखण आपण केली, तशीच पाण्याचीही करू या.