इंटर्नशिपसाठी अमेरिकेत जाताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा उमटून आला, की घरात पेढे वाटले जातात. आता काम फत्ते झाले, असेच सर्वांना वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत घ्यायचे की नाही, हे ठरवतो तिथल्या विमानतळावरचा सीमा अधिकारी. इंटर्नशिपसाठी निघालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्यासाठी कर्ज काढणाऱ्या आईवडिलांनी हा फरक समजून घेतला पाहिजे.

अशा मुलांना जो व्हिसा मिळतो त्याला जे-१, म्हणजे विनिमय अभ्यागताचा व्हिसा म्हणतात. त्याचे मूळ आहे १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यात. इतर देशांतल्या लोकांनी यावे, शिकावे, आपली ओळख करून द्यावी आणि परत जावे, हा त्यामागचा हेतू. अमेरिकी कारखान्यांना किंवा हॉटेलांना स्वस्तात मनुष्यबळ मिळावे, हा नव्हे. पुढचे सगळे नियम या एका हेतूतून निघतात. तो ध्यानात ठेवला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

या व्यवहारात विद्यार्थ्याखेरीज आणखी दोन पक्ष असतात. जिथे प्रत्यक्ष शिकायचे ती कंपनी किंवा हॉटेल म्हणजे यजमान संस्था. दुसरा पक्ष म्हणजे प्रायोजक. त्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता असावी लागते. आपल्या शहरातला एजंट हा प्रायोजक नव्हे. तो फार तर मध्यस्थ. मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. एजंटाच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी त्या यादीत प्रायोजकाचे नाव शोधावे.

इंटर्न कोणाला म्हणायचे, हेही ठरलेले आहे. अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयात पदवी किंवा पदविकेचे शिक्षण घेत असलेला, किंवा ते पूर्ण करून बारा महिने उलटले नाहीत असा विद्यार्थी. इंटर्नशिप त्याच्याच विषयातली हवी आणि ती जास्तीत जास्त बारा महिन्यांची. शिक्षण संपून अधिक काळ झाला असेल, तर प्रशिक्षणार्थी नावाचा वेगळा वर्ग आहे. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो.

आता कागदांकडे वळू. प्रायोजक जे पात्रता प्रमाणपत्र देतो त्याचे नाव डीएस-२०१९. हा कागद हाती आल्याशिवाय व्हिसाची मुलाखत नाही. नुसते कंपनीचे बोलावण्याचे पत्र घेऊन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जाऊन उपयोग नाही. दुसरा कागद डीएस-७००२, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. कोणत्या टप्प्यात काय शिकायचे, देखरेख कोण करणार, मोबदला किती, हे त्यात लिहिलेले असते आणि विद्यार्थी, प्रायोजक व यजमान अशा तिघांच्या त्यावर सह्या असतात. याशिवाय सेविस या नोंदणीचे शुल्क वेगळे भरावे लागते. २०१९ च्या सुधारणेत ते इंटर्नसाठी २२० डॉलर झाले. जून २०२५ पासून जे-१ च्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले गेले आहे.

यांत सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे तो आराखडा. समजा, रत्नागिरीचा हॉटेल व्यवस्थापनाचा एक विद्यार्थी वर्षभरासाठी फ्लोरिडातल्या हॉटेलात निघाला आहे. नियम असा, की आतिथ्य क्षेत्रातली इंटर्नशिप सहा महिने किंवा अधिक असेल, तर त्याला किमान तीन विभागांतून फिरवले पाहिजे. आठवड्याला किमान बत्तीस तासांचे प्रशिक्षण हवे. कारकुनी काम एक पंचमांशाहून अधिक नको. अकुशल कामावर त्याला लावता येत नाही. तिथे पोचल्यावर वर्षभर नुसत्या खाटा आवरायला लावल्या, तर तो नियमभंग आहे. पण आराखडा वाचलेलाच नसेल, तर आपल्यावर अन्याय होतो आहे हे त्या मुलाला कळणार कसे?

आता प्रत्यक्ष सीमेवरचा प्रसंग. कार्यक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधी जे-१ वर प्रवेश मिळत नाही, म्हणून स्वस्त तिकिटाच्या मोहात तारीख फार अलीकडे आणू नये. पासपोर्ट, डीएस-२०१९, आराखडा आणि प्रायोजकाचा दूरध्वनी क्रमांक हातातल्या पिशवीत असावा. मोठी बॅग तपासणीनंतर मिळते. कागद तिच्यात राहिले तर पंचाईत. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी बहुधा अबुधाबीलाच होते, कारण २०१४ पासून तिथे अमेरिकी अधिकाऱ्यांचे पूर्वतपासणी केंद्र आहे.

प्रश्न साधे असतात. कुठे चाललात? काय शिकणार? किती दिवस? पुढे काय? उत्तरे कागदांशी जुळली पाहिजेत. काही एजंट मुलांना सांगतात, ‘फिरायला आलो म्हणून सांग.’ हा सल्ला घातक आहे. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन पगारी इंटर्नशिप करता येत नाही. आणि महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. अधिकाऱ्याने तातडीने परत पाठवण्याचा आदेश काढला, तर साधारणपणे पाच वर्षांची बंदी येते. अधिक चौकशीसाठी वेगळ्या खोलीत नेले, तर मात्र घाबरू नये. तो आरोप नसतो. फोन तपासण्याचाही अधिकार त्यांना आहे. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारावा, दुभाषा मागावा. न समजता ‘येस’ म्हणू नये.

प्रवेश मिळाला, की आय-९४ ही नोंद संगणकावरून काढून वर्ग आणि मुदत बरोबर आहे का, ते पाहावे. प्रायोजकाला आल्याचे आणि पत्त्याचे कळवावे. आरोग्य विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार वा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण त्यात हवे. आराखड्याबाहेर दुसरीकडे काम केले, तर कार्यक्रम रद्द होऊ शकतो. मध्येच मायदेशी यायचे झाल्यास डीएस-२०१९ वर प्रायोजकाची प्रवासासाठीची सही आधी घ्यावी. कार्यक्रम संपल्यावर आवराआवर करून निघण्यासाठी तीस दिवस मिळतात. त्या काळात काम करता येत नाही.

दोन वर्षे मायदेशी राहण्याच्या अटीबद्दल बराच गोंधळ आहे. काही विषयांसाठी ही अट भारतीयांना लागू असे. ९ डिसेंबर २०२४ पासून त्या कौशल्य-यादीतून भारत वगळला गेला आहे. मात्र सरकारी पैशावर गेलेल्यांना ही अट अजूनही लागू होऊ शकते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. यजमानाने पासपोर्ट काढून घेतला, पगार अडवला, धमकावले, तर ते सोसत बसू नये. २००८ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार व्हिसाच्या वेळी हक्कांची माहितीपत्रिका देतात. मदतीचा क्रमांक तिच्यात असतो. ती पत्रिका मुले बहुधा न वाचताच ठेवून देतात. पालकांनी ती मुलाबरोबर बसून वाचावी, आराखड्याची एक प्रत घरी ठेवावी, आणि दर आठवड्याच्या फोनवर जेवणाखाण्याच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : या आठवड्यात नवीन काय शिकलास? सलग चार आठवडे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर प्रायोजकाला पत्र लिहिण्याची वेळ झाली, असे समजावे.