मनातील संकल्प आणि भिंतीवरील चित्र

संकल्प करण्यास एक क्षण पुरतो. तो पाळण्यास मात्र वर्ष लागते, आणि वर्षाचे सगळेच दिवस काही संकल्पाच्या दिवसासारखे उत्साहाचे नसतात. नववर्षाच्या आदल्या रात्री, उपवासकाळाच्या आरंभी, अथवा मुलांच्या परीक्षेचा निकाल हाती पडताच घराघरांतून किती निश्चय केले जातात! यंदा गळके छप्पर दुरुस्त करावयाचे, यंदा सोसायटीचे कर्ज फेडावयाचे, आजपासून दारूच्या थेंबालाही शिवावयाचे नाही, थोरल्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणास धाडावयाचे. हे निश्चय खोटे नसतात. ते करताना मन खरोखरच भरून आलेले असते. परंतु पुढे पेरणी येते, आजारपण येते, लग्नकार्य येते, आणि निश्चय मनाच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. अडगळीतील वस्तूचा जसा विसर पडावा, तसा त्याचाही विसर पडतो.

यावर एक साधा व बिनखर्चाचा उपाय आहे. आपल्या संकल्पाचे चित्र काढावे, ते येताजाता दिसेल अशा ठिकाणी लावावे, आणि काम जसजसे होईल तसतसे ते पुरे करीत जावे. मात्र कोणतेही चित्र काढून भागत नाही. एक चित्र मनुष्यास कामास लावते, तर दुसरे त्यास गोड स्वप्नात निजवून ठेवते. या दोहोंतील भेद ओळखणे अगत्याचे आहे.

आपल्या ओळखीची रीत

वाचकहो, ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही. अंगणात रांगोळी घालणारी स्त्री आधी ठिपके मांडते. रेघ ओढण्यापूर्वीच सगळी आकृती ठिपक्यांत उभी असते, म्हणून हात चुकत नाही आणि काम अर्ध्यावर सुटत नाही. कित्येक ख्रिस्ती घरांत आगमनकाळी याहूनही बोलकी एक रीत पाळली जाते. नाताळच्या गोठ्यातील गव्हाणी आरंभी रिकामी ठेवतात. मुलांनी काही चांगले केले, भांडण आवरले, आजीस पाणी नेऊन दिले, न सांगता अभ्यासास बसली, की प्रत्येक कृत्यामागे गवताची एक काडी गव्हाणीत ठेवावयाची. नाताळच्या रात्री बाळयेशूस निजविण्यास मऊ अंथरूण व्हावे, हा हेतू.

या रीतीत किती शहाणपण भरले आहे ते पाहा. सहा वर्षांच्या मुलास 'सद्गुणी हो' असे सांगून काय कळणार? परंतु गव्हाणी रिकामी आहे आणि नाताळ जवळ येत आहे, हे त्यास डोळ्यांनी दिसते. काय साधावयाचे, किती झाले व किती उरले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यास एकाच ठिकाणी मिळतात. शिवाय ती काडी त्याने स्वतःच्या हाताने ठेवलेली असते. संकल्पाच्या चित्राचे सारे मर्म एवढ्यातच आले.

एका महान शिल्पज्ञाची दूरदृष्टी

हेच मर्म फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असेल, तर स्पेन देशातील बार्सिलोना शहरी जावे लागेल. तेथे पवित्र कुटुंबास वाहिलेले 'साग्रादा फामिलिया' हे भव्य मंदिर आहे. त्याची पायाभरणी १८८२ साली संत जोसेफच्या सणादिवशी झाली, आणि पुढील वर्षी आंतोनी गौदी या तरुण शिल्पज्ञाने ते काम हाती घेतले. मंदिर भाविकांच्या देणग्यांतून बांधावयाचे होते. पैसा येईल तसे काम चाले, नाही आला तर ते रेंगाळे. हे कार्य आपल्या हयातीत पुरे होणार नाही, हे गौदी यांस पुरते ठाऊक होते.

अशा वेळी सर्व बाजूंच्या भिंती थोड्या थोड्या उंच करीत जाणे हा नेहमीचा मार्ग. गौदी यांनी तो सोडला. ख्रिस्तजन्माचे शिल्प कोरलेली एकच दर्शनी बाजू त्यांनी आधी पायापासून वर चढवावयास घेतली. अर्धवट भिंती पाहून कोणाचे मन हलत नाही. परंतु एक बाजू जरी पुरी उभी राहिली, तरी पाहणाऱ्यास उरलेले मंदिर मनश्चक्षूंपुढे दिसू लागते, आणि पुढील पिढीस ते अर्ध्यावर टाकवत नाही. याखेरीज त्यांनी नियोजित मंदिराचे प्लास्टरचे मोठमोठे नमुने करून ठेवले. १९२६ साली ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला, तेव्हा एकच घंटामनोरा पुरा झालेला होता. १९३६ साली यादवी युद्धाच्या आरंभी दंगलखोरांनी त्यांची कार्यशाळा जाळली व नमुन्यांचे तुकडे केले. मागे राहिलेल्यांनी ते तुकडे वेचले, जुळविले आणि त्यांवरून बांधकाम पुढे नेले. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते मंदिराचे अभिषेकविधिपूर्वक समर्पण झाले. २०२५ साली त्याचा मधला मनोरा जर्मनीतील उल्म येथील चर्चच्या शिखराहूनही उंच गेला.

आपले छप्पर आणि बार्सिलोनाचे मंदिर यांची तुलना कोण करील? परंतु धडा दोहोंस एकच आहे. ज्यास दीर्घकाळ काम करावयाचे आहे, त्याने आपले ध्येय डोळ्यांस दिसेल असे करून ठेवावे, आणि त्यातील एखादा लहान भाग लवकर पुरा करून दाखवावा.

फळाचे नव्हे, वाटेचे चित्र

आता सावधगिरीची गोष्ट. पुष्कळांस वाटते की, इष्ट वस्तूचे चित्र पुढे ठेवून तिचे नित्य चिंतन केले म्हणजे ती आपोआप प्राप्त होते. मानसशास्त्रज्ञांनी हा समज कसून पाहिला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिएन फाम व शेली टेलर या विदुषींनी परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी रोज थोडा वेळ, आपणांस उत्तम गुण मिळाले आहेत, असे चित्र मनात पाहावयाचे होते. दुसऱ्यांनी, आपण पुस्तक उघडून बसलो आहो, टिपणे काढीत आहो, असे अभ्यासाचेच चित्र पाहावयाचे होते. अभ्यासाचे चित्र पाहणाऱ्यांनी अभ्यासास लवकर आरंभ केला व त्यांस गुणही अधिक मिळाले.

असे का व्हावे? गाब्रिएले योटिंगेन या जर्मन विदुषीने या प्रश्नाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. नुसत्या गोड कल्पनेत रमल्याने मनास वस्तू मिळाल्यासारखेच समाधान वाटते आणि अंगातील जोर ओसरतो, असे त्यांस आढळले. म्हणून ध्येयाच्या शेजारीच वाटेतील अडथळाही स्पष्ट पाहावा, असा त्यांचा उपदेश आहे.

याचा घरगुती अर्थ सोपा आहे. मुलीस परिचारिका व्हावयाचे असेल, तर पांढऱ्या गणवेशातील हसऱ्या तरुणीचे चित्र कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लहानसे असावे. उरलेल्या कागदावर वाट काढावी. त्या वाटेवर अकरावी-बारावीची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी ही पुस्तके असावीत, पहाटेची बस असावी, दिव्याखालचे टेबल असावे, प्रवेशाचा अर्ज असावा, पदवीच्या शिक्षणाची चार वर्षे असावीत. आणि वाटेत एक मोठा धोंडाही काढावा. तो धोंडा कोणता हे मुलीनेच सांगावे. कोणास इंग्रजीचे भय असते, तर कोणास संध्याकाळच्या घरकामामुळे अभ्यासास वेळ सापडत नाही. धोंडा कागदावर आला, म्हणजे तो बाजूस कसा सारावा याचा विचार घरातील सर्वांस करावा लागतो. कदाचित संध्याकाळची भांडी भावाने घासावयाची, हा त्यातून निघणारा पहिला निर्णय असेल.

छपराच्या तीस ओळी

आणखी एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबास छपराच्या दुरुस्तीसाठी साठ हजार रुपये साठवावयाचे आहेत, आणि दरमहा दोन हजार बाजूस टाकणे शक्य आहे. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर घराचे चित्र काढावे व छपरावर कौलांच्या तीस ओळी आखाव्या. ज्या महिन्यात रक्कम पतपेढीत जमा होईल, त्या महिन्यात एक ओळ तांबड्या रंगाने भरावी.

पूर्वीची चार हजारांची शिल्लक असेल, तर आरंभीच दोन ओळी रंगवून टाकाव्या. ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अमेरिकेत मोटारी धुण्याच्या एका दुकानी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला आहे. तेथे निम्म्या गिऱ्हाइकांस आठ कोऱ्या घरांचे कार्ड दिले. निम्म्यांस दहा घरांचे दिले, परंतु त्यांतील दोन घरांवर शिक्के आधीच मारलेले होते. दोघांसही मोटार आठ वेळा धुवून घ्यावयाची होती, आणि मग एक खेप फुकट मिळावयाची होती. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी शेकडा १९ जणांनी कार्ड भरले, तर दोन शिक्केवाल्यांपैकी शेकडा ३४ जणांनी भरले. काम सुरू झालेले आहे, एवढे दिसल्यानेही मनुष्याचे पाऊल पुढे पडते.

चित्राच्या खाली एक वाक्य लिहावे, आणि ते 'जेव्हा' व 'तेव्हा' या शब्दांनी बांधलेले असावे. 'पैसे साठवू' असे मोघम लिहू नये. 'जेव्हा पगार हाती येईल, तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी पतपेढीत जाऊ', असे लिहावे. अशा वेळकाळ ठरविलेल्या निश्चयाचे बळ नुसत्या इच्छेहून पुष्कळ अधिक असते, असे पीटर गोल्वित्सर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या संशोधनातून दाखवून दिले आहे.

चित्र चांगले येत नाही, असे कोणी म्हणू नये. ज्यांच्या रेषांनी सारा गोवा जगास दाखविला, ते मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर रेघोट्या ओढीत. आईने भिंती वाचविण्यासाठी त्यांच्या हाती एक वही दिली, आणि त्या वहीत ते रोजच्या पाहण्यातील माणसे व प्रसंग काढू लागले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. रोजची वही हीच त्यांची शाळा झाली. १९४९ ते १९५१ या वर्षांतील त्यांच्या सचित्र रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. सर्वांस मिरांडा होता येणार नाही. परंतु तीस ओळींचे छप्पर कोणासही काढता येईल.

ओळ कोरी राहिली तर?

एखादा महिना असा येईलच की ज्यात ओळ रंगविता येणार नाही. जूनमध्ये शाळेचा खर्च येतो, गावच्या चर्चच्या सणास पाहुणे येतात, कोणास इस्पितळात न्यावे लागते. अशा वेळी चित्र फाडू नये वा उलटे करूनही ठेवू नये. ती जागा कोरी ठेवून तेथे कारण लहान अक्षरांत लिहावे आणि पुढील महिन्यात पुन्हा रंग हाती घ्यावा. कोऱ्या ओळीमुळे छप्पर मोडत नाही. मोडते ते चित्राकडे पाहणे सोडल्यामुळे.

आईबापांनी एक पथ्य अवश्य पाळावे. मुलाचे चित्र हे त्यास टोचण्याचे हत्यार करू नये. पाहुण्यांदेखत 'बघा, याच्या किती ओळी कोऱ्या!' असे म्हटले, की ते चित्र त्या मुलाच्या मनातून कायमचे उतरते. ज्याचा संकल्प, त्यानेच चित्र काढावे व त्यानेच रंगवावे. इतरांनी फक्त रंगाची पेटी जवळ आणून द्यावी.

व्यसनाच्या बाबतीत तर हे पथ्य फारच जपावे. दारू सोडू पाहणाऱ्या नवऱ्याचा तक्ता बायकोने काढून भिंतीवर लावला, तर तो त्यास आरोपपत्रासारखा वाटेल. शिवाय ज्यास दीर्घकाळ रोज पुष्कळ पिण्याची सवय आहे, त्याने एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या मंडळींच्या पुष्कळ शाखांत, जो जितके दिवस दारूपासून दूर राहिला, त्यास तितक्या मुदतीचे लहानसे नाणे देण्याची चाल आहे. ते नाणे बाजारात चालत नाही. परंतु खिशात हात घालताच ते बोटांस लागते आणि गुत्त्याच्या दारातून कित्येकांची पावले मागे फिरवते. हेही संकल्पाचे चित्रच होय. ते भिंतीवर टांगलेले नसून खिशात असते, एवढेच.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी दुपारची जेवणे आटोपल्यावर एक कोरा कागद व मुलांच्या रंगकांड्या घेऊन सारे कुटुंब एकत्र बसावे. अनेक संकल्प एकदम घेऊ नयेत, एकच घ्यावा. वरच्या कोपऱ्यात ध्येय काढावे, खाली वाट काढावी, वाटेतील धोंडा लपवू नये, आणि आजवर जे झाले असेल ते त्याच दिवशी रंगवून टाकावे. मग तो कागद स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावावा, कारण दिवाणखान्यात तो पाहुण्यांस दिसेल आणि स्वयंपाकघरात घरच्यांस. दिसावयास हवा तो घरच्यांसच.