चाकाचा स्टड तुटलाय? घरी बदलायच्या आधी हे वाचा

पंक्चर काढून चाक बसवताना 'कट्' असा आवाज येतो आणि स्टडचा तुकडा नटासकट हातात येतो. चार स्टडच्या गाडीत एक गेला तरी 'तीन आहेत की, चालतंय' म्हणून लोक महिनोन्‌महिने फिरतात. पण सगळा ताण उरलेल्या तिघांवर येतो आणि मग तेही जातात.

स्टड तुटतो तो बहुतेक वेळा आपल्याच पायानं. फूटभर लांब पान्याच्या टोकाला 30 किलोचा जोर दिला की साधारण 90 न्यूटन-मीटर पीळ बसतो. छोट्या गाडीला जवळपास एवढाच लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आपण मात्र पान्यावर उभेच राहतो! 60 किलोच्या माणसानं दुप्पट पीळ बसतो. आट्यांना ऑइल लावलं असेल तर त्याच जोरात नट आणखी आवळला जातो, म्हणून आटे कोरडे ठेवा.

आता बदलायचं कसं? मागचं चाक असेल तर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड पाहिजेच.

ड्रम काढल्यावर जुना स्टड हातोडीनं आत ठोकून पाडा. नवा त्याच मापाचा घ्या, जुना दुकानात दाखवूनच. तो मागून घालून दाते खाचेत जुळवा. पुढून तीन-चार जाड वॉशर टाका, नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वॉशरकडे करून लावा आणि स्टडचं डोकं मागं पूर्ण टेकेपर्यंत ओढून घ्या. हातोडीनं ठोकून बसवू नका, वाकडा बसतो. हा नट नंतर चाकाला वापरू नका.

ड्रम काढायला मधला मोठा नट खोलावा लागत असेल, किंवा स्टड मागून आत जायला जागाच नसेल, तर सरळ मेकॅनिककडे जा. तिथं बेअरिंगचा प्रश्न येतो. पुढच्या चाकाचं बऱ्याचदा असंच असतं. ठोकाठोकीत बेअरिंग गेलं तर खर्च कितीतरी वाढतो.

चाक लावताना नट समोरासमोरचे आवळा, शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर द्या. 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की सगळे नट परत एकदा तपासा, नवा स्टड थोडा बसतो आणि नट ढिला होतो.