गेम आवडला नाही आणि गेम बिघडलाय, यांत फरक आहे

आज एका जुन्या वादाबद्दल बोलू. "पैसे मी मोजलेत, मग तक्रार का करू नको?" असं गेम खेळणारी पोरं मला नेहमी विचारतात. करा की. पण तक्रार नेमकी कशाची आहे, ते आधी बघू.

डिसेंबर 2020 मध्ये सायबरपंक 2077 आला. जुन्या कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर, तो अडखळायचा, मधेच बंद पडायचा. लोकांनी बोंब मारली. आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. इथे गिऱ्हाईक शंभर टक्के बरोबर. मालच खराब होता.

आता त्याच वर्षीचा जून घ्या. 19 तारखेला द लास्ट ऑफ अस पार्ट 2 आला. (ज्यांना कथा आधी कळायला नको आहे, त्यांनी पुढचं एक वाक्य सोडा.) पहिल्या भागातला लाडका जोएल यात लवकरच मारला जातो आणि पुढे बराच गेम त्याला मारणाऱ्या ॲबीच्या भूमिकेत खेळावा लागतो. झालं! मेटाक्रिटिकवर पहिल्याच दिवसापासून शून्य गुणांचा पाऊस. हा गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पुढे मेटाक्रिटिकने नियमच केला: गेम आल्यावर पहिले 36 तास खेळाडूंना गुण देता येणार नाहीत. ॲबीचं काम करणाऱ्या लॉरा बेली यांना तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पात्राने केलेल्या खुनासाठी अभिनेत्रीला धमकी! याला मी तक्रार म्हणत नाही.

खानावळीत भाजी करपली तर ताट परत करा. कारलं कडू लागलं म्हणून आचाऱ्याच्या अंगावर कसं धावून जाणार?

माझंच सांगतो. एल्डन रिंग 2022 मध्ये आला आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच्या 1 कोटी 20 लाख प्रती खपल्या. मला तो आवडला नाही. त्याच त्या राक्षसाकडून पंधरा वेळा मार खायचा, यात मला मजा नाही. माझ्या भाच्याला नेमकी त्यातच आहे. आता तो माझ्यासाठी सोपा करा, हा माझा हक्क आहे, असं मी म्हणू लागलो तर भाच्याचा गेम गेला. ज्यांचा हात नीट चालत नाही किंवा ज्यांना कमी दिसतं, त्यांची मागणी मात्र वेगळी, तिला आवडीनिवडीत ढकलू नका. गंमत म्हणजे ज्याला एवढ्या शिव्या पडल्या, त्या लास्ट ऑफ असमध्ये अशा लोकांसाठी 60 हून जास्त सोयी होत्या.

आणि पैशांचं म्हणाल, तर स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करता येतो. कारण काहीही चालतं. "आवडला नाही" हेसुद्धा. दोन तासांत आवड कळते का? मला तरी बहुतेक वेळा कळते. एल्डन रिंगची दीड तासात कळली होती.